आधी समोरच्याची बाजू

सकाळी आठपासून बेबी तीच तीन पानं वाचत होती. पहिल्यांदा वाचताना तिला वाटलं, समोरच्या वकिलाने गडबडीत स्वतःचाच कागद आपल्याला पाठवला. दुसऱ्यांदा वाचताना तिला त्याच्या भाषेचं कौतुक वाटलं. एवढं स्वच्छ तो एरवी लिहीत नसे. तिसऱ्यांदा ती शेवटच्या पानाच्या तळाशी पोचली. तिथे वकील म्हणून तिची स्वतःची सही होती.

मग तिने थोरल्या भावाला फोन लावला.

"दादा, ये. वहिनीलाही आण."

"कोण गेलं?"

"कोणी नाही. काजवालीची खोली जाणार आहे. अडीच वाजता."

काजवाली शर्टांना काजं घालायची आणि बटणं लावायची. तयार कपड्यांच्या एका दुकानामागच्या खोलीत ती एकवीस वर्षं राहत होती. जुन्या मालकाशी तिचा तोंडी करार होता: महिन्याला चाळीस शर्टांची काजं, हेच भाडं. जुना मालक वारला, मुलगा आला, मुलाला खोलीच्या जागी गोदाम हवं झालं, आणि त्याने दावा लावला. बाई फुकट राहते, तिला काढा. काजवाली बेबीच्या मोफत सल्ला केंद्रात आली. केंद्र म्हणजे घराची पुढची खोली, मधे प्लायवुडचा आडोसा, आडोशापलीकडे बाकडं, आणि भिंतीवर तिच्या वकील वडिलांच्या, अण्णांच्या, हस्ताक्षरातली पाटी: 'कागद आणावेत. वकील फुकट आहे, झेरॉक्स नाही.'

तिच्या वतीने कोर्टात कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, गेली. त्या कैफियतीत आता असं लिहिलेलं सापडत होतं: 'प्रतिवादी सदर खोलीत वादीच्या वडिलांच्या निव्वळ मेहरबानीखातर राहत आली असून तिचा खोलीवर कोणताही हक्क नाही व कधीही नव्हता.' मालकाला जे जे सिद्ध करायला दोन वर्षं लागली असती, ते काजवालीने तीन पानांत, बेबीच्या सहीनिशी, मान्य करून टाकलं होतं. समोरच्या वकिलाने काल संध्याकाळी अर्ज पाठवला. साक्षीपुराव्याची गरजच उरलेली नाही, कबुलीवरच निकाल द्यावा. कैफियतीची प्रत सोबत जोडली होती, म्हणून बेबीने ती वाचली. सही करताना वाचली नव्हती, कारण मजकूर अण्णांनी सांगितलेला होता, आणि अण्णांचा मजकूर वाचून मग सही करणं हे त्या घरात वडिलांना हात धरून रस्ता ओलांडून देण्याइतकं अपमानास्पद होतं.

बेबी सेहेचाळीस वर्षांची होती. कोर्टात तिला बेबी म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. आत्ता मात्र तिला अगदी बेबी असल्यासारखं वाटत होतं.

दादा वीस मिनिटांत आला. चार महिन्यांपूर्वी याच खोलीत तो ओरडला होता, 'अण्णांना आता थांबवा, झेपत नाही त्यांना,' आणि बेबी त्याच्याहून मोठ्याने ओरडली होती, 'अण्णा तुझ्यापेक्षा ठणठणीत आहेत.' त्यानंतर त्याने या घरात पाऊल टाकलं नव्हतं. आज त्याने बूट न काढताच तीन पानं वाचली. 'मी म्हणालो होतो' हे तो म्हणाला नाही. ते न म्हणायला त्याला किती कष्ट पडले हे त्याच्या कानांच्या रंगावरून समजत होतं.

"गुलाबी," तो म्हणाला. "हे गुलाबीवरचं आहे."

बेबीने मान हलवली. अण्णांची पद्धत सगळ्या कोर्टाला ठाऊक होती. समोरच्याचं म्हणणं त्याच्या वकिलाहून चांगलं मांडता आल्याशिवाय त्याला उत्तर द्यायचं नाही, हा त्यांचा नेम. म्हणून ते आधी समोरच्याची बाजू सांगत आणि आई ती गुलाबी कागदावर टाइप करी. ती बाजू इतकी चोख असे की टाइप करता करता आई मनातून पक्ष बदलून बसायची. मग अण्णा एक कप चहा घेत, पांढरा कागद लावायला सांगत आणि आपणच बांधलेली भिंत विटेविटेने पाडत. गुलाबी कागद घरात राहायचा, पांढरा कोर्टात जायचा. पन्नास वर्षांत अदलाबदल झाली नव्हती.

"गुलाबी कागद संपले असतील," दादा म्हणाला. "आईने पांढऱ्यावर घेतलं असेल. मग दोन्ही पांढरेच, आणि चुकीचा गठ्ठा कोर्टात गेला. साधी गोष्ट आहे. खरी कैफियत इथेच कुठेतरी पडलेली असणार."

बेबीने कपाट उघडलं. गुलाबी कागदांचा गठ्ठा न फोडलेला होता. त्याला लागून उघडलेला दुसरा, अर्धा.

"आणि खरी कैफियत?"

"कुठेच नाही. कॉम्प्युटरवर नाही, फाइलमध्ये नाही. सांगितलीच नाही त्यांनी."

दादा खुर्चीत बसला. तोही वकीलच, पण कंपन्यांचे करार करायचा. एखादं कलम कुठे पुरून ठेवावं म्हणजे पुढच्या दहा वर्षांत कोणाला दिसणार नाही, हे त्याला बसल्या जागी सुचे. आताही सुचलं.

"हे बघ. मालकाच्या वकिलाला मी ओळखतो. मी बोलतो. सहा महिन्यांची मुदत मागू, तडजोड म्हणून. तेवढ्यात तिला दुसरी खोली बघू, मी बघतो. कैफियतीचा विषय निघणारच नाही. पुढच्या महिन्यात वकील संघ ग्रंथालयाला अण्णांचं नाव देतोय, बेबी. पाटी रंगवून तयार आहे."

"आणि तिची खोली?"

"तिला खोली मिळेल."

"ती नाही ना मिळणार. आपण कोर्टाला खरं सांगायचं. प्रतिज्ञापत्रावर. चूक आमची, बाईची नाही, कबुली मागे घेऊ द्या."

"कोण करणार प्रतिज्ञापत्र? अण्णा? काय लिहिणार त्यात? 'मला हल्ली समजत नाही मी कोणाचा वकील आहे'?"

"चार महिन्यांपूर्वी तूच हे सगळ्यांना सांगत होतास!"

"घरात सांगत होतो! घरात सांगणं वेगळं!"

वहिनी डोळ्यांची डॉक्टर होती. ती आतापर्यंत दारात उभी राहून दोघांकडे पाहत होती. लग्नाला तेवीस वर्षं झाली तरी या घरातल्या वादात आपण कोणाच्या बाजूने आहोत हे तिला नेहमी शेवटी समजे. आतल्या घरातून चपलांचा आवाज आला आणि अण्णा आले. अंगात इस्त्रीचा सदरा, हातात वर्तमानपत्र, चेहरा प्रसन्न.

"काय रे, एवढ्या सकाळी? भांडताय? भांडा, भांडा. मुद्दा कोणता?"

"काही नाही अण्णा," दादा चटकन म्हणाला. "एका कागदात थोडा घोळ झालाय. चष्म्यामुळे."

"हां, चष्मा बदलायला झालाय माझा."

"डोळे मी गेल्या महिन्यात तपासलेत," वहिनी म्हणाली. "उत्तम आहेत."

साक्षीदार फितूर झाल्यावर वकील पाहतो तसं दादाने बायकोकडे पाहिलं. वहिनीने नजर वळवली नाही. ती कोणाच्या बाजूने आहे हे आज तिला नेहमीपेक्षा लवकर समजलं होतं.

या सगळ्या वेळात आई कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून होती. अण्णांशी लग्न होण्याआधी ती त्यांची टायपिस्ट होती. कॉम्प्युटर येऊन पंचवीस वर्षं झाली, पण ती अजूनही कळा अशा बडवायची की शेजारच्यांना पहाटे दावा दाखल झाल्याचं समजावं. समोरचा कीबोर्ड ती रुमालाने पुसत होती. तो स्वच्छ होता.

आईला तो दिवस आठवत होता. मंगळवार होता, दुपार. तिने नेहमीप्रमाणे गुलाबी कागद लावला, तर हे म्हणाले, "पांढरा घाल." तिने पांढरा घातला. हे सांगू लागले. पहिल्या परिच्छेदाला तिला वाटलं, आज आधी समोरच्याची बाजू पांढऱ्यावर घेतायत, काही कारण असेल. तिसऱ्या परिच्छेदाला 'मेहरबानी' आली. पाचवा संपला. ती थांबली. आता चहा मागतील, मग दुसरा कागद. हे उठले आणि म्हणाले, "झालं. सही घे तिची." चेहऱ्यावर काम नीट झाल्याचं समाधान. तिने तोंड उघडलं होतं. पन्नास वर्षं ती यांचं टाइप करत होती आणि कायद्यात तिने यांना कधी टोकलं नव्हतं. आणि आज टोकलं, तर आपण नेमकं कशाला टोकतोय हे यांना समजणार होतं. तिने तोंड मिटलं. बाहेर बाकड्यावर काजवाली बसली होती. तिला वाचता येत नव्हतं, सही येत होती. ती सही काज घालावं तशी करायची, शेवटी दोन उलटे टाके मारून. तिने विचारलं होतं, "काय लिहिलंय, काकू?" आणि आई म्हणाली होती, "वकीलसाहेबांनी लिहिलंय."

"मी येऊ का आत?"

आडोशाच्या कडेला काजवाली उभी होती. बेबीनेच तिला नऊला बोलावलं होतं. आता साडेनऊ झाले होते. प्लायवुड किती पातळ आहे हे त्या क्षणी सगळ्यांच्याच एकदम लक्षात आलं.

"बसा ना," बेबी म्हणाली. "आम्ही तुमच्याच—"

"अर्धा तास बसलेच आहे. सगळं ऐकलं. थोडंच समजलं." ती बसली नाही. तिच्या तर्जनीला सुयांनी सच्छिद्र करून टाकलं होतं. त्या बोटाने तिने टेबलावरच्या पानांकडे दाखवलं. "माझ्या नावाने जे लिहिलंय ते मला वाचून दाखवा. मोठ्याने."

"अहो, ती कायद्याची भाषा असते—" दादा म्हणाला.

"तुम्ही कोण?"

मोठमोठ्या कंपन्यांच्या मालकांनी दादाला हा प्रश्न विचारला नव्हता.

बेबीने वाचलं. आवाज सपाट ठेवायचा तिने प्रयत्न केला, तो दुसऱ्या परिच्छेदापर्यंतच टिकला. 'मेहरबानीखातर' वाचताना ती अडखळली, आणि पुढचं तिने खाली मान घालून वाचून टाकलं. काजवाली ऐकत होती. अण्णाही ऐकत होते. वर्तमानपत्राची घडी करून, मान किंचित तिरकी, डोळे अर्धे मिटलेले. बेबी थांबली तेव्हा त्यांनी दाद दिली.

"छान बांधलंय. एक वाक्य निसटतं नाही कुठे. मालकाचा वकील कोण आहे गं?"

दादाने छताच्या पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता.

"कोण आहे?" अण्णांनी पुन्हा विचारलं. त्यांनी एकेकाचा चेहरा पाहिला. पन्नास वर्षं त्यांनी साक्षीदारांचे चेहरे वाचले होते; तेवढं त्यांना अजून येत होतं. "बेबी. कोणी सांगितलं हे?"

"तुम्ही," आई म्हणाली. तिने रुमाल खाली ठेवला. "तुम्हीच सांगितलंत. मी टाइप केलं. पांढऱ्यावर. गेल्या महिन्यात, मंगळवारी."

"पांढऱ्यावर?"

"तुम्ही म्हणालात, पांढरा घाल."

अण्णा खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. काजवालीने त्यांच्याकडे पाहिलं, मग आईकडे वळली.

"काकू, टाइप करताना कळलं होतं तुम्हाला?"

"आई, उत्तर द्यायची गरज नाहीये," दादा म्हणाला. सवयीने.

"कळलं होतं," आई म्हणाली.

"आणि माझी सही घेतलीत."

"घेतली."

काजवाली ओरडेल असं बेबीला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"एकवीस वर्षं काजं घातली मी," ती म्हणाली. "म्हाताऱ्याच्या पोराच्या मुंजीच्या दिवशीसुद्धा चाळीस शर्ट पुरे करून दिले. एक महिना चुकले नाही. हात भाजला होता तेव्हा डाव्या हाताने घातली. आणि तुम्ही मेहरबानी लिहिलंत?"

"हे बघा," दादा पुढे झाला, आणि त्याच्या आवाजात खरोखरच काकुळत होती, "चूक आमची आहे. मी तुम्हाला सहा महिने मिळवून देतो. दुसरी चांगली खोली मी स्वतः बघतो, उजेडाची. तुमच्या कामाला—"

"गिऱ्हाईक माझ्या गल्लीत आहे. दुसऱ्या गल्लीत जाऊन मी काय उजेड शिवू?" ती बेबीकडे वळली. "वकीलबाई, मला दुसरा वकील द्या."

सकाळपासून त्या घराने सगळ्या गोष्टींचा विचार केला होता. दोष कोणी घ्यायचा, कोर्टाला काय सांगायचं, ग्रंथालयाच्या पाटीचं काय करायचं. अशील आपल्याला काढून टाकू शकते, ही एवढीच गोष्ट कोणाच्या डोक्यात आली नव्हती. फुकट वकिलाला कोणी काढतं का?

"तुमचं बरोबर आहे," बेबी हळूच म्हणाली. "कोर्टाच्या आवारात सरकारी मोफत सहाय्य कक्ष आहे. मी फाइल घेऊन तुमच्याबरोबर येते. तिथे दुसरा वकील मिळेल, आजच."

"तोही फुकटच?"

"हो."

"मग तो जे लिहील ते मला दोनदा वाचून दाखवायचं. एकदा त्याने, एकदा दुसऱ्या कोणीतरी."

सहाय्य कक्षातून जो वकील मिळाला तो किडकिडीत होता, त्याचा काळा कोट त्याच्या थोरल्या भावाचा असावा, आणि त्या दिवशी काजवाली त्याची अकरावी अशील होती. पण त्याने कागद पाहून पहिला प्रश्न नेमका विचारला: "ज्यांनी मजकूर सांगितला ते कोर्टात येऊन तसं सांगतील?"

"ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत," दादा म्हणाला. "त्यांना उभं करण्याची गरज नाही. मी काहीतरी—"

"मी येईन," अण्णा म्हणाले.

ते मोटारीत मागे बसून आले होते. कैफियत मागून घेतली होती आणि मांडीवर ठेवून वाचत होते. आई शेजारी बसली होती. त्यांनी पान उलटलं की ती खिडकीबाहेर पाही.

अडीचला पुकारा झाला. मालकाच्या वकिलाने दहा मिनिटं युक्तिवाद केला. दाव्याची तारीख त्याने दोनदा चुकवली आणि सगळ्यात जोरकस मुद्दा, जो कैफियतीच्या चौथ्या परिच्छेदात आयता होता, तो मांडायलाच विसरला. मागच्या बाकावर अण्णा अस्वस्थपणे हलले. बेबीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. नाहीतर ते उठून त्याला मदत करतील की काय अशी तिला भीती वाटली.

किडकिडीत वकिलाने आईचं प्रतिज्ञापत्र दिलं. मग अण्णा पुढे गेले. पायरीशी दादाने हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही, मग अर्ध्यावर जाऊन घेतला.

न्यायाधीशबाई त्यांना ओळखत होत्या. सगळेच ओळखत होते. टंकलेखकानेही बोटं कळांवरून उचलली.

"हा मजकूर आपण सांगितलात?"

अण्णांनी पानं डोळ्यांसमोर धरली. मेहरबानी हा शब्द त्यांना दिसला. तो त्यांचाच होता. पन्नास वर्षं त्यांनी तो गुलाबी कागदावर मालकांच्या तोंडी घातला होता आणि पांढऱ्यावर धुऊन काढला होता. मंगळवार दुपार त्यांनी शोधली. खोली सापडली, टेबल सापडलं, बायकोचा पाठमोरा अंबाडा सापडला. समोर कोणाची बाजू होती ते सापडेना. त्यांनी पुन्हा शोधलं. मोठ्या घरात आपलीच खोली कुठली ते समजू नये, तसं झालं.

"भाषा माझी आहे," ते म्हणाले. "यात या बाईंचं एकही वाक्य नाही. मी नेहमी आधी विरुद्ध बाजू सांगतो. ही विरुद्ध बाजू आहे. तीच मी यांच्या नावाने का पाठवली..." ते थांबले. दादाचे ओठ हलत होते. तो त्यांना वाक्य पुरवू पाहत होता. चष्मा, गडबड, कागदांची सरमिसळ. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "मला आठवत नाही. सांगितल्याचंच आठवत नाही. हे पहिल्यांदा झालंय का, तेही मी शपथेवर सांगू शकत नाही."

न्यायाधीशबाईंनी लेखणी खाली ठेवली. मग उचलली आणि लिहिलं: कबुलीवर निकाल मागण्याचा अर्ज फेटाळला. प्रतिवादीने आठ दिवसांत दुरुस्त कैफियत द्यावी. दावा पुढे चालेल.

बाहेर व्हरांड्यात काजवालीने नव्या वकिलाला तो आदेश दोनदा वाचायला लावला. तिने बेबीकडून फाइल घेतली, दोरी सोडून पुन्हा स्वतःच्या हाताने बांधली, गाठ ओढून पाहिली. दावा चालेल तोवर खोली तिची होती, आणि पुढचं पुढे. आभार मानण्यासारखं काही नव्हतं आणि तिने ते मानले नाहीत. जाताना ती आईपाशी थांबली.

"काकू, कळलं की बोलत जा," ती म्हणाली, आणि किडकिडीत वकिलाच्या मागे जिना उतरून गेली.

ते पाचजण व्हरांड्यातल्या बाकावर बसले. बाक चौघांचा होता. वहिनीने अण्णांना पाणी दिलं. ते प्यायले आणि डोळे मिटून मागे टेकले.

"ते आत काय म्हणाले, ऐकलंस?" बेबी दादाला म्हणाली. "पहिल्यांदा झालंय का माहीत नाही. वर्षभरात चौदा जणांचं सांगितलंय त्यांनी. सगळ्यांवर माझी सही आहे. एकही मी वाचलेलं नाही." ती बोटांवर मोजू लागली. "चौदा माणसं, दादा. सगळ्या फाइली काढाव्या लागतील. कुठून सुरुवात करू?"

दादाने गळ्यातली पांढरी पट्टी सोडली आणि बोटाभोवती गुंडाळत राहिला. काय पुरावं आणि कुठे, हे त्याला या वेळी सुचत नसावं.

"चौदा नाही काढाव्या लागणार," आई म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. हात मांडीवर होते आणि बोटं हलत होती, काहीतरी टाइप केल्यासारखी.

"दोनच. एक त्या रखवालदाराच्या विधवेची. आणि एक सुताराची."

अण्णांनी डोळे उघडले नाहीत. पण त्यांनी हात लांबवला आणि आईची हलणारी बोटं धरून थांबवली.

"सुताराची तारीख कधी आहे?" बेबीने विचारलं.

"उद्या. अकरा वाजता."

दादा उठला. कोट त्याने बाकावरून उचलला, एक बाही चुकली, परत घातली.

"पत्ता सांग त्याचा," तो म्हणाला.